या म्हणजे हो

अरविंद देवस्थळी गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, कायझर्सलाउटर्नच्या रुग्णालयात हृदयविकाराने गेले. एकुलती एक मुलगी सई त्या वेळी तैवानमध्ये होती. बेटाभोवती चीनचा युद्धसराव चालू होता, अमेरिकेच्या युद्धनौका जवळ आल्या होत्या आणि सईचं फ्रँकफर्टचं विमान दुसऱ्यांदा रद्द झालं होतं.

आमची ओळख पुण्यातली. मी वर्तमानपत्रात, ते यंत्र अभियंता. पुढे दोघेही जर्मनीत आलो. मी फ्रँकफर्टला राहिलो, ते कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत गेले. सई तिथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. पुण्याहून आजी आल्या होत्या तेव्हाची गोष्ट अरविंदराव नेहमी सांगत. आजींनी विचारलं, "सई, मी राहू ना गं अजून थोडे दिवस?" आणि छोटी सई उड्या मारत म्हणाली, "या, या!" जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, पण मराठीत निघणाऱ्या पाहुण्याला आपण 'या' म्हणून निरोप देतो. आजींनी बॅग भरायला घेतली. "पोरगी तोंडावर 'या' म्हणते, आता कशाला राहायचं?" तेव्हापासून घरात नियमच झाला. सई 'या' म्हणाली, की अरविंदराव हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "हो म्हण." ती मोठी झाली, मराठीतही उत्तरं देऊ लागली, चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीसाठी तैवानला गेली, तरी फोनवर हे चालूच होतं.

आमची शेवटची भेट त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. शहराजवळ अमेरिकेचा हवाई तळ आहे. विमानांच्या आवाजाकडे तिथे कुणी लक्ष देत नाही. अरविंदराव आता देऊ लागले होते. चहा ओतता ओतता थांबले, वर पाहिलं. "ही जड विमानं आहेत. कालपासून वाढलीत."

"अहो, आवाजावरून युद्ध कळतं का?"

"तुम्हा पेपरवाल्यांना तरी कुठे कळतं?"

टीव्हीवर कुणी तज्ज्ञ अण्वस्त्रांबद्दल बोलत होता, हवामान सांगावं तसा. त्यांनी आवाज बंद केला आणि सईला फोन लावला.

"शनिवारी निघतेस ना?"

"या, बाबा."

"हो म्हण."

"हो, हो! किती वेळा विचाराल?"

फोन ठेवून ते म्हणाले, "ती एकदा इथे आली, की मग काय व्हायचं ते..." वाक्य अर्धंच राहिलं.

शनिवारचं विमान निघालं नाही. सोमवारचंही नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेलं. मंगळवारी सईचा फोन आला तेव्हा परिचारिकेने तो त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी विचारलं, "तू सुखरूप आहेस ना?" सई म्हणाली, "या, बाबा." तेवढ्यात संपर्क तुटला. तासाभरात ते गेले. अंत्यसंस्कारानंतर तिने मला फोनवर एवढंच विचारलं, "काका, मी बाबांना 'या' म्हणाले. त्यांनी काय ऐकलं असेल?"

त्यांचं सामान आणायला गेलो तेव्हा त्या जर्मन परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, फोन बंद पडला तरी ते त्यात कुणाला तरी हाक मारत होते. मग तिनेच विचारलं, "तुमच्यात होमान कोण?" मी तिला तो शब्द पुन्हा उच्चारायला सांगितलं. ती सावकाश म्हणाली, हो-मान.

सईला तो तसाच कळवला. ती म्हणाली, "हो."

तिचं विमान अजून निघालेलं नाही.