सर, माय लॉर्ड आणि नसीमाबीची भिंत

वकिलांच्या खोलीत किस्से साचतात, कारण तिथं काम कमी आणि पुकाऱ्याची वाट पाहणं जास्त. मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअर वकील आहे. तालुका कोणता ते सांगत नाही. मला तिथंच वकिली करायची आहे.

आमच्या सीनिअरांचा एक नियम आहे. तयारी जितकी कमी, तितकी पदवी मोठी. फाइल वाचलेली असली की न्यायाधीश 'सर'. अर्धीच वाचली असेल तर 'युवर ऑनर'. फाइल घरी राहिली असेल तर थेट 'माय लॉर्ड'.

आमच्या न्यायाधीश बाई आहेत. एका सकाळी तिसऱ्यांदा 'माय लॉर्ड' ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, घरून फाइल यायला किती वेळ लागेल?"

* * *

माझी झोप उडवली ती नसीमाबीच्या केसनं. आमची अशील नसीमाबी शिलाईकाम करते, एकटी राहते. तिची मागची भिंत आपल्या जागेत आहे, असं शेजाऱ्याचं म्हणणं. भिंत पाडायला कोर्टाचा स्टे होता, पण फक्त पुढच्या तारखेपर्यंत. दर तारखेला तो वाढवून मागायचा. एकदा राहिलं की शेजाऱ्याचा जेसीबी मोकळा.

"बेटी, तू वकील हायेस ना?" तिनं एकदा विचारलं.

"हो."

"मंग नुसती उभी का राह्यतीस?"

"सीनिअर बोलतात, चाची."

"आज काय म्हणले ते?"

"युवर ऑनर."

ती बाकावर टेकली. "म्हंजी तेवढं वाईट न्हाई."

* * *

शेजाऱ्याचे वकील साठीचे. खोलीत मला म्हणतात, "बेटा, चहा सांग." कोर्टात मात्र रिवाजाप्रमाणे मी त्यांची 'लर्नेड फ्रेंड'. एकदा सीनिअर पाणी प्यायला बाहेर गेले होते, तेव्हा मी उठून या वकिलांच्या एका विधानाला हरकत घेतली. गोंधळले ते.

"माय लर्नेड... बेटा, बस खाली."

"त्या उभ्याच राहतील," बाई म्हणाल्या.

* * *

पुढच्या तारखेला सीनिअर अंबडला गेले होते. त्यांचा सत्कार होता. मी फोन केला.

"नुसती तारीख माग," ते म्हणाले. "माय सीनिअर इज एंगेज्ड म्हण. आणि युवर ऑनर विसरू नको."

"आणि स्टेचं?"

"मी आल्यावर बघू. सीनिअर मी आहे ना?" फोन बंद.

कोर्टाच्या आवारात नसीमाबीचा शेजारीही फोनवर होता. "डिझेल भरून ठेव," तो कुणाला तरी सांगत होता, "दुपारपर्यंत मोकळं होऊन राह्यलं."

नसीमाबीनं ते ऐकलं. पिशवी काखेत मारून माझ्याकडे बघत राहिली.

पुकारा झाला. मी उठले आणि पाठ केलेलं सगळं इंग्रजी डोक्यातून गेलं.

"तारीख नको," मी म्हणाले. "आजच ऐका. आज स्टे संपला तर संध्याकाळपर्यंत हिची भिंत राहणार नाही. तिकडे जेसीबीत डिझेल भरून राह्यलेत."

शेजाऱ्याचे वकील उठले. "ना सर, ना युवर ऑनर? ही काय पद्धत झाली?"

बाई फाइलची पानं उलटत होत्या. एक, दोन, तीन.

"जेसीबीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी वकिलांना विचारलं.

ते अशिलाकडे बघू लागले. अशील खिडकीकडे.

"स्टे पुढील आदेशापर्यंत कायम," बाईंनी सांगितलं. म्हणजे आता दर तारखेला मागायची गरज नाही.

दुपारी सीनिअर आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. व्हरांड्यात मला बघताच त्यांनी पहिलं विचारलं, "युवर ऑनर म्हणालीस ना?"

मी तोंड उघडायच्या आत नसीमाबी मधे आली. पिशवीतून शिलाईचा टेप काढून तिनं माझ्या कोटाच्या खांद्याला लावला.

"साहेब, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "हिच्या नव्या कोटाचं माप घेऊन राह्यले."