झुल्यावर धरणारा

पुण्याची सर्कस हिंगोलीत आली. माझ्या बापानं तिच्यात वाघ पाहिले, मी लहानपणी हत्ती पाहिले. आता नुसती माणसं उरली. पण काय माणसं! झुल्यावर उलटा लटकलेला गडी माझ्याच वयाचा. समोरून पोरगी उडाली, तसा मी खुर्चीवर चढून ओरडलो, "धर लेका, धर!" त्यानं बराबर धरली.

खेळ सुटल्यावर त्याला तंबूमागं गाठलं. "पोरगी तुला घट्ट धरती का?"

"नाही दादा. उडणाऱ्यानं नुसते हात पुढं करायचे. धरायचं काम माझं."

"बायको मरताना मीबी तिचा हात घट्ट धरला होता. सुटला."

पकड सटकू नये म्हणून चोळलेल्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं. काय पकड होती! सोडवून घ्यावं वाटलंच न्हाई.