वडावरचे हरियल

जंगलात पक्षी बघायला जाताना भडक कपडे घालत नाहीत. हे उन्मेषला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तो नागपूरच्या सीताबर्डी बाजारात गेला, तासभर दुकानं हिंडला आणि खास मातकट रंगाचा शर्ट घेऊन आला. रविवारी सकाळी तो शर्ट घालून पक्षीमित्रांच्या गटात पहिल्यांदा हजर झाला. सगळे वळून बघायला लागले.

"काय गा," गटातला आयुष म्हणाला, "थेट लग्नाहून आला का?"

शर्ट गडद लाल होता.

तेव्हापासून गटाला ठाऊक झालं. उन्मेषला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. रेल्वेचं इंजिन चालवायचं त्याच्या फार मनात होतं, ते डोळ्यांच्या तपासणीत राहून गेलं. आता तो मिहानमधल्या एका गोदामात मालाची चढ-उतार सांभाळतो. तिथे खोक्यांचा रंग त्याला कोणी विचारत नाही. शर्ट आई आणते.

असा माणूस पक्ष्यांच्या नादी लागला तो एका पिंगळ्यामुळे. गोदामात शिरलेल्या त्या छोट्या घुबडाने मान फिरवून उन्मेषकडे असं रोखून पाहिलं, की जणू गोदाम त्याचंच आणि उन्मेषच चुकून आत आलेला. बस्स. गडी सुटला. सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी. कोकणात त्याला धनेश आधी ऐकू आला. पंखांचा फुसफुसाट असा, की वाफेचं इंजिन झाडावरून निघालंय! जायकवाडीला रोहित पक्षी उतरले, तेव्हा लोक गुलाबी गुलाबी म्हणत नाचले. उन्मेषला ते राखी दिसले. पण चोच उलटी धरून चिखल गाळणारा पक्षी बघून तोही नाचला. सोलापूरच्या माळावर धाविक पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. नुसत्या चालीवरून ओळखू यावा असा!

रंग बाजूला ठेवला तरी पक्ष्यात केवढं उरतं! शेपूट कशी उडवतो. फांदीवर ताठ बसतो की पोक काढून. उडताना लाटा घेतो की बाण सुटावा तसा जातो. उन्मेषला हे सापडलं आणि त्याची झोप उडाली.

गटाची एक पद्धत होती. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. बोलणारा पुढे चालतो आणि पक्षी ओळखून नाव घेतो. लिहिणारा मागून टिपून घेतो. उन्मेष कायम लिहिणारा.

यंदा राज्यभर पक्षीगणना होती. किनारा, सह्याद्री, माळरानं, तळी, सगळं वाटून दिलेलं. नागपूरच्या या गटाकडे उमरेडच्या बाजूचा एक तलाव आणि त्याला लागून असलेलं जंगल आलं. उन्मेष कामिनीताईंकडे गेला. ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या, गट त्यांनीच उभा केलेला.

"ताई, गणनेत मले बोलू द्या."

"तुले लालबुड्या बुलबुलचं बूड तरी दिसते का?" आयुष मागून म्हणाला.

"बूड तू पाह्य. मी त्याची शेंडी पाहतो."

ताई हसल्या नाहीत. "गणनेत आपण लिहू ते राज्याच्या यादीत जाते. या रविवारी उमरेडले जाऊ. तू बोल. चुकला, तर यंदाही लिहायचं. कबूल?"

"कबूल."

रविवारी सगळे एसटीने निघाले. तलावावर पोचले तेव्हा ऊन समोरून येत होतं. पाण्यावरची सगळी बदकं काळी ठिक्कर. रंग कोणालाच दिसेना. उन्मेषला काय, त्याचं रोजचंच!

"लांब टोकदार शेपूट, तलवार बदक! तो फावड्यासारख्या चोचीचा, थापट्या! अन् आत्ता बुडाली ना, ती टिबुकली!"

कामिनीताईंची पेन्सिल पळत होती. आज त्याच लिहीत होत्या. आयुषही टोमणे विसरून दुर्बिणीला चिकटला होता.

मग जंगल. सागाच्या शेंड्यावर एक चिमुकला पक्षी आला. "छोटा निखार!" उन्मेष कुजबुजला. "मादी."

आयुषने दुर्बीण वर धरली.

"नर आहे गा तो," तो म्हणाला. "छाती कशी केशरी पेटून राहिली!"

उन्मेषचे कान तापले. "चुकलो ना, ताई?"

"जात बरोबर. नर-मादी चुकलं." ताईंनी पान उलटलं. "अजून रान बाकी आहे. चाल."

रानाच्या कडेला एक जुना वड होता. गट त्याच्याखालून पुढे निघाला.

"पाहा ना," आयुष म्हणाला, "एवढी लाल फळं लगडली, अन् खायले एक पाखरू नाही."

उन्मेष थांबला. "फळं? कुठी फळं?"

सगळे हसले. तो हसला नाही. तो वर बघत होता. श्वास रोखून.

"ताई. हरियल. अख्खं झाड भरून."

ताईंनी दुर्बीण लावली. एकेक फांदी पाहिली. "पानं आहेत, उन्मेष."

"टाळी मारतो," आयुष म्हणाला. "असतील तर उडतील."

उन्मेषने त्याचा हात धरला. टाळीने उन्मेषचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण तो म्हणाला, "खाणारं पाखरू उडवायचं नाही."

"मले दिसत नाही ते मी लिहू कसं?" ताई हळूच म्हणाल्या.

"रंग सोडा, ताई. झुळूक येऊ द्या. जे हलत नाही, ते पाहा."

सगळे माना वर करून उभे राहिले. मान अवघडली. वारा येईना.

आणि आली झुळूक! वड सळसळला. पानं थरथरली, चमकली, उलटीसुलटी झाली. त्यांच्या मधे काही गोल, भरदार पानं ढिम्म बसून होती. छाती उन्हाकडे करून.

"अगं बाई!" कामिनीताईंनी उन्मेषचा दंड पकडला. "पाय! पिवळे पाय!"

मग कोण थांबतंय! तो बघ! त्याच्या वर दोन! त्या ढोलीपाशी! नुसतं झाड होतं, त्याचा बघता बघता थवा झाला. फांदीफांदीवर हरियल, पानांइतकंच हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी, गुपचूप फळं गिळत बसलेला. आणि हे सगळे त्याच्या खालून चालले होते!

"अबे, कित्तीक आहेत!" आयुष ओरडला.

फडफड फडफड फडफड! अख्खा वड एकदम उडाला. डोक्यावरून पंखांचा सपकारा गेला आणि फळांचा सडा अंगावर पडला.

"आयुष!" ताई कडाडल्या.

"चुकून निघालं, ताई."

ताईंनी केसांतलं फळ काढलं. डोळे पुसले. हसू होतं की काय, कोण जाणे. "गणनेले पुढे उन्मेष. त्याच्या बाजूले आयुष."

"मी काहून?"

"नर का मादी, ते सांगाले. अन् तोंड बंद ठेवायची सवय कराले."

उन्मेषला काही बोलायचं होतं, पण समोरच्या पळसावर काहीतरी हललं.

"चूप बे, आयुष," तो म्हणाला. "तो पाह्य, शेपटीचा पंखा उघडून नाचून राहिला."