मामाजींचं ताट

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पोटावर डावीकडे गळू आलंय असंच आम्ही समजलो. आठवडाभर जवसाचं गरम पोटीस बांधलं. ते फुटलं तेव्हा पुवामागोमाग मळ बाहेर आला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी पोट उघडून आतला पू काढला. आतड्यात कॅन्सरची गाठ होती, तिनेच आतडं फोडलं होतं. पण मामाजींचं अंग तापानं पोखरलेलं, त्यामुळे गाठ लगेच काढता येईना. गाठीच्या वरचं आतडं पोटावर आणून तिथंच मळाला वाट करून दिली. "दोन महिने चांगलं खाऊ घाला. ताकद आली की गाठ काढू," डॉक्टर म्हणाले.

त्या जागेवरची फडकी मी धुवायची. सासूबाई नव्हत्या, नवरा दिवसभर राइस मिलमध्ये. पहिल्या दिवशी धुताना मला भडभडून ओकारी झाली. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ते जेवताना समोर थांबायचं नाही. मी पदर ओढून ओसरीत ताट ठेवायची आणि आत यायची. ताट लख्ख होऊन परत यायचं. मी आपली खूश!

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मामाजींचा सदरा वर केला आणि ते माझ्या नवऱ्यावर कडाडले, "उपाशी ठेवलंत काय यांना?"

नवरा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मामाजी खाली मान घालून म्हणाले, "त्यायचा दोष नाई, जी. मीच दोन घास खाऊन ताट कुत्र्याले घालून राहिलो. खाल्लं का भायेर येते. धुवाले सूनबाईच लागते. तिले ओकारी येते."

 मला इतका राग आला, त्यांचा, माझा आणि त्या मेल्या रीतीचा, की डोक्यावरचा पदर सरकला तरी मला भान नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले, "मामाजी, मले काऊन नाई विचारलं? मी हजारदा धुतलं असतं!"

त्या दिवसापासून मी समोर बसूनच त्यांना जेवू घातलं. ते मुकाट्यानं सगळं खायचे, वर भातही मागायचे. अंग भरू लागलंय असं वाटत होतं, तोच पुन्हा थंडी वाजून ताप आला. गाठीजवळ पुन्हा पू झाला होता. या खेपेला डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सदरा हळूच खाली ओढला आणि म्हणाले, "यांना घरी न्या."