नानांना विसर पडला तेव्हा

आमच्या फैजपूरच्या केळी सोसायटीतले हेडक्लार्क नाना यांच्या डोक्यात अख्खा तालुका राहत होता, हे मी शपथेवर सांगतो. कोणाच्या मळ्यात कापणी कधी, कोणाचा माल कोणत्या वॅगनमध्ये, सगळं तोंडपाठ. टेबलावर वही होती, पण ती पानाचा डबा ठेवायला. बशीत चहा ओतता ओतता, दाराकडे न बघताच ते म्हणत, "शुक्रवारी कापा, आबा. चिंचेकडचा मळा आधी." आवाजावरून माणूस, माणसावरून मळा! मी थक्क होऊन पाहत राहायचो.

नव्वदच्या आसपास संचालकांनी कापणीचे नंबर लावायला कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मला. तीन महिन्यांत लोक वापरू लागले नाहीत, तर यंत्रही परत आणि मीही. यंत्राला गार हवेची खोली होती, मला स्टूल. शेतकरी बाहेर चपला काढून आत यायचे, यंत्राला हात जोडायचे आणि नंबर विचारायला नानांकडे जायचे. ऑफिसातले कारकूनही तेच करायचे. दोन महिने गेले, हातात एकच उरला.

एके दुपारी नाना शेजारी येऊन बसले. पडद्यावर एकाच नावाचे सात शेतकरी ओळीने उभे होते. "इंजिनियरसाहेब, यातला चिंचवाला कोणता?" मी कीबोर्ड पुढे ओढला. मग आठवडाभर ते सांगत गेले आणि मी भरत गेलो: चिंचवाला, दोन विहिरींवाला, नदीकाठचा. लोकांना पडद्यावर आपली ओळख पटू लागली, पण पाय नानांकडेच वळत.

शेवटी एका सोमवारी नानांनी भर ऑफिसात कपाळावर हात मारला. "मले आता काही याद राहत नाही, भाऊ. त्या पेटीले इचारा." लोक हळहळले आणि माझ्या दारात रांग लावून उभे राहिले. माझी नोकरी टिकली. नाना म्हातारे झाले, अशी तालुकाभर आवई उठली. कोणी कोणी त्यांना भिजवलेले बदाम आणून देई. नाना ते मुकाट्याने खात, उरलेले मला देत.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी वीज गेली, पेटी बंद. दारात आबा उभे. बशीत चहा ओतता ओतता नाना पुटपुटले, "मंगळवार. खालचा मळा आधी." मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. मग मान वर करून मोठ्याने म्हणाले, "लाइट येऊ द्या, आबा. मले कुठं याद हाये?"

तासाभराने वीज आली, आणि पेटीनेही मंगळवारच सांगितला.