मिठा-बर्फात ठेवलेला पंच

बासष्टच्या उन्हाळ्यात माझी नेमणूक डोंगरावरच्या एका चौकीवर झाली. मी नाईक होतो. काम आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करण्याचं. चौकीवर दोन एलएमजी, म्हणजे हलक्या मशीनगन होत्या. एक उजव्या बंकरमध्ये, एक डाव्या. डाव्या गनवर लान्स नाईक दामू होता. तो उरणकडच्या शेव्याचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मी पनवेलचा. तो मला दादा म्हणायचा.

रोजचा दिवस ठरलेला होता. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग चहा, मग हत्यारांची सफाई. सफाईनंतर मी गनच्या पिना आणि स्प्रिंगा तपासायचो. घट्ट बसलेली पिन काढायला पिन पंच लागतो. पेन्सिलीएवढी पोलादी सळई, टोकाला बारीक. टोक पिनवर टेकवायचं आणि मागून हातोडी मारायची. आम्हाला मिळालेला पंच नरम होता. चार ठोक्यांत टोक वाकायचं. मी ते दगडावर ठेवून सरळ करायचो आणि पुन्हा कामाला लागायचो.

"दादा, यो पंच हाय का मेनबत्ती?" दामू विचारायचा.

"तुझ्या गनची पिन याच मेणबत्तीनं निघते."

"निघतं, पन तवर माजी पेन्शन लागंल."

बंकरमधले सगळे हसायचे. मीही हसायचो. पण मला ते लागत होतं.

पावसाळा सरताना मला रजा मिळाली. निघताना दामू म्हणाला, "सुकं बोंबील आन. आनि जमलं त एक मर्द पंच आन."

पनवेलच्या बाजारात ओळखीच्या लोहाराच्या भट्टीवर मी स्वतः पंच केला. जुन्या कानशीचं पोलाद घेतलं. लाल तापवून तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच ठिसूळही. म्हणून ते पुन्हा थोडं तापवून कडकपणा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढत जातात. आधी गवतासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा. पंच निळ्याच्या जवळ थांबवायचा, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी परीक्षेत ते बरोबर लिहिलंही होतं. त्या दिवशी मी पिवळ्यावर थांबलो. मला न वाकणारा पंच हवा होता.

रस्त्यावर उभ्या असलेल्या एका ट्रकच्या बिजागरीची गंजलेली पिन मी नव्या पंचानं काढून पाहिली. टोकाला काही झालं नाही. नमुना म्हणून सोबत आणलेला जुना पंच मी लोहाराच्या भंगारात टाकला.

चौकीवर परतलो तेव्हा बर्फ पडू लागला होता. दामूनं नवा पंच नखावर वाजवून पाहिला. "आता कसा मर्द," तो म्हणाला.

काही आठवड्यांनी समोरच्या उतारावर हालचाल दिसू लागली. त्या दिवशी दुपारी डावी गन अडली. ट्रिगरच्या आतला एक भाग झिजला होता. सुटा भाग माझ्याकडे होता. एक पिन काढायची, भाग बदलायचा, पिन परत ठोकायची.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "किती वेळ?"

"अर्धा तास, साहेब."

"अंधार पडायच्या आत गन जागेवर पाहिजे."

"जी साहेब."

मागच्या खंदकात दामूनं ट्रिगरचा सांगाडा धरला. थंडीनं लोखंड बोटांना चिकटत होतं. तिसऱ्या ठोक्याला पंच मोडला. वाकला नाही. टोक पिनमागे भोकात तिरपं अडकून बसलं. पिन निमुळती होती, एकाच बाजूनं निघणारी. उलट बाजूनं ठोकली तर आणखी घट्ट बसली. हातड्रिलचं पातं त्या कडक तुकड्यावर नुसतं घसरत राहिलं.

दामूनं सांगाडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मेनबत्ती बरी व्हती, दादा." त्यानं रायफल उचलली आणि डाव्या बंकरकडे गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

पहिला हल्ला संध्याकाळी आला. डाव्या बाजूनं आला. मी मागच्या खंदकात ड्रिल फिरवत होतो. शेजारी सुभेदार साहेब फील्ड टेलिफोनवर होते.

"लेफ्ट बंकर, रिपोर्ट."

"लेफ्ट बंकर ठीक. गन पाठवा."

"काम चालू आहे."

"लवकर करा."

पलीकडचा आवाज दामूचाच होता. पुढच्या वेळी सुभेदार साहेबांनी दोनदा हाक मारली, तेव्हा फोन कोणी उचलला नाही. उजव्या गननं हल्ला थोपवला. डाव्या बंकरमध्ये तीन जण होते. तिघेही गेले. तुकडा तेव्हाही भोकातच होता.

चौकशीत लिहिलं गेलं, की अतिथंडीमुळे अवजार तुटलं. ते खोटं नव्हतं. पिवळ्या रंगाबद्दल मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दामूच्या वडिलांना मात्र सांगितलं. पुढच्या रजेत शेव्याला गेलो. ते मिठागरात होते. मी उभ्यानं सगळं बोललो.

त्यांनी विचारलं, "त्याचे हातान काय व्हतं?"

"रायफल."

"चालत व्हती?"

"शेवटपर्यंत."

"आनि तू?"

"मी मागं होतो. गन दुरुस्त करत होतो."

"झाली?"

"नाही."

ते परत मीठ ओढायला लागले. मी निघून आलो.

पलटण सोडल्यावर मी पळस्प्याच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान काढलं. ट्रक, भातगिरणीची इंजिनं, पाण्याचे पंप. इथले मेकॅनिक पंच घेताना कानशीनं घासून तो किती कडक आहे ते पाहतात. मी आधी तो बर्फात ठेवतो. मग ऐरणीवर तिरपा धरून ठोकतो. जो मोडतो तो गेला. जो जरासा वाकतो तो कामाचा, कारण वाकलेला सरळ करता येतो. बाजारातली कोळीण मला मासळीच्या पेटीतला बर्फ देते आणि दर वेळी विचारते, "मिस्त्री, लोखंडाची कोलबी धरली का काय?"

एकदा दामूचे वडील दुकानात आले. गावच्या पंपाचं काम होतं. घमेल्यातल्या बर्फात पंच ठेवलेला त्यांनी पाहिला. काय चाललंय, ते मी सांगितलं.

"तकडं येवढीच थंडी व्हती?" त्यांनी विचारलं.

"याहून जास्त."

"मंग मीठ टाक. मिठानं बर्फ आजून गार व्हतो." दुसऱ्या खेपेला ते आपल्या मिठागरातलं पोतं घेऊन आले. तेव्हापासून दर हंगामात आणतात आणि पंच ठोकून होईपर्यंत थांबतात. माफीबद्दल ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

यंदा पंच बाहेर काढून ठोकला. टोक थोडं वाकलं. म्हाताऱ्यानं तो उजेडात धरून पाहिला.

"यो पंच हाय का मेनबत्ती?" ते म्हणाले.

चौकीवरची ती थट्टा मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. दामूनंच तेव्हा पत्रातून घरी कळवली असणार. मी पंच त्यांच्या हातातून घेतला, ऐरणीवर ठेवून सरळ केला, आणि अवजारांच्या पेटीत डाव्या बाजूला ठेवला.