जावयाने सांगितलेला हप्ता

माझ्या आईची फसवणूक होत होती ती मागच्या अधिक महिन्यात, रेणापूरच्या आमच्या घरी, धोंड्याच्या जेवणाच्या दुपारी. आणि करणारे होते आमचे दाजी, बहिणीचा नवरा. आज पुन्हा अधिक महिना लागलाय, शेजारी तुपात अनारसे तळून राहिलेत, त्या वासाने सगळं आठवलं. दाजी विम्याचं काम करतात. ताटाभोवती रांगोळी, उदबत्तीचा धूर, आई धोंड्यावर तुपाची धार सोडतेय आणि दाजी मोबाइलवर तिच्या आरोग्य विम्याचा हप्ता दाखवतायत, इतर कंपन्यांपेक्षा निम्मा. आई लगेच हो म्हणाली, कारण या महिन्यात जावई म्हणजे देव, त्याला प्रश्न विचारायचा नसतो. उमरीहून आलेल्या आत्याने मात्र विचारलं, "जावईबापू, वहिनीची शुगर यात टाकली का न्हाई?" दाजी हसले, "आत्या, शुगर टाकली की हप्ता वाढतो. कोण बघून राहिलंय?" "दवाखान्यात आडवी पडल्यावर बघत्यात की! धोंडे लई हायेत, पोटभर खावा, पण हप्ता खरा सांगा." आई तिला डोळ्यांनी दटावत राहिली. दाजींनी तोंड पाडून शुगर टाकली, हप्ता जवळपास दुप्पट झाला, आम्ही तोच भरला. यंदा लातूरला आईच्या शुगरने चिघळलेल्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा कंपनीने शुगरवरून एक शब्द काढला नाही, बिल भरून टाकलं. आईचा पाय वाचला. आत्याच्या त्या आगाऊपणाचे उपकार मी जन्मभर मानेन. तुम्हीही कमी हप्ता ऐकून भुलू नका. सांगणारा घरचा जावई असला तरी विचारा, माझा आजार यात लिहिलाय का, आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत सही करू नका.